मुंगी बनवून दाखवा म्हणणारे आणि बनवली म्हणणारे

पहिला जीव कुठून आला यावर आपल्या खान्देशात जो वाद चालतो ना, तो ऐकून दोन्ही पार्ट्यांना घरी पाठवावंसं वाटतं. सप्ताहात महाराज सांगतात की एवढं मोठं विज्ञान, चंद्रावर जाऊन आलं, पण अजून एक साधी मुंगी बनवता आली नाही, की सगळा मांडव माना डोलावतो. दुसऱ्या दिवशी टपरीवर एखादे विज्ञानाचे सर त्यावर उसळतात, कोण म्हणतं नाही बनवता आलं, 1953 लाच अमेरिकेत मिलरने काचेच्या भांड्यात जीव तयार केला, आणि डार्विनने तर त्याच्याही आधी सगळं सिद्ध केलंय, तुम्ही बसा टाळ कुटत. मग आवाज चढतात, कोणीतरी माकड मध्ये आणतो, आणि "मग ते पहिलं कोनी बनवलं भो, ते सांग ना" इथे येऊन गाडी अडते ती अडतेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिला जीव नेमका कसा झाला हे विज्ञानाला आजच्या तारखेला माहीत नाही. आणि तरीही तो कसा झाला हे शोधायची ऐपत फक्त विज्ञानाच्याच पद्धतीत आहे. ही दोन वाक्यं एका दमात बोलायला दोघंही तयार नाहीत, महाराजांना पहिलंच वाक्य हवंय आणि सरांना दुसरंच.

सगळ्यात आधी एक घोळ निस्तरू. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला येऊन बोलून गेले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, त्याविरोधात अठराशेच्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र काढलं. या दोन्ही वेळी लोक भांडत होते उत्क्रांतीवर, म्हणजे असलेला जीव बदलत कसा जातो यावर. तिथे पुराव्यांचा ढीग आहे, जीवाश्म आहेत, डीएनए आहे, कपाशीवरची बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली ते तर आपण आपल्याच शेतात बघितलं. पहिला जीव कसा झाला हा प्रश्न वेगळा, आणि तो अजून उघडा आहे. डार्विनचं 1859 चं पुस्तक त्याचं उत्तर देतच नाही. उलट दुसऱ्या आवृत्तीत त्याने शेवटच्या वाक्यात पहिल्या जीवांत प्राण फुंकणारा निर्माता घातला, आणि पुढे 1863 मध्ये हूकर या मित्राला लिहिलं की लोकांच्या दबावाला बळी पडून तो शब्द वापरला याचं वाईट वाटतं, आणि सध्या जीवाच्या उगमावर विचार करणं म्हणजे निव्वळ बकवास आहे, त्यापेक्षा पदार्थाच्या उगमावर का करू नये. आता हा माणूस ज्यांच्या बाजूचा आहे ते म्हणतात त्याने सगळं सिद्ध केलं! स्वतः डार्विन सरांच्या टपरीवर आला असता तर त्यानेच सरांना खाली बसवलं असतं.

मिलरचंही तेच. स्टॅन्ली मिलर तेव्हा शिकागोत शिकत होता, गाईड हॅरॉल्ड युरी. काचेच्या नळ्यांत पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरून त्याने आठवडाभर विजेच्या ठिणग्या सोडल्या, आणि खाली जमलेल्या तपकिरी पाण्यात अमिनो आम्लं सापडली. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनचे मणी. मणी सापडले, माळ नाही, आणि माळ घालणारा तर नाहीच नाही. वर नंतरच्या भूशास्त्रज्ञांनी शंका काढली की पृथ्वीची तेव्हाची हवा मिथेन-अमोनियाची होती का, बहुतेक ती कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची जास्त असावी. तर जीव बनवला वगैरे काही झालेलं नाही. महाराजांचा हा मुद्दा पूर्ण खरा आहे आणि तो मान्य करायला विज्ञानवाल्यांच्या तोंडाला कुलूप का लागतं हे मला कळत नाही. सत्तर वर्षं झाली, हुशार माणसं जन्म घालवून गेली, साध्यातली साधी जिवंत पेशी अजून कोणी निव्वळ रसायनांपासून उभी केलेली नाही. घ्या, दिलं लिहून.

पण इथून पुढे महाराज जी उडी मारतात ती बघा. माहीत नाही, म्हणून देवाने केलं. ही उडी माणसाने आजवर किती वेळा मारली आणि किती वेळा तोंडावर पडला? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मोठमोठ्या रसायनवाल्यांचं मत होतं की जिवंत शरीरात जे पदार्थ तयार होतात ते बाहेर भांड्यात होऊच शकत नाहीत, त्याला प्राणशक्ती लागते. 1828 मध्ये वोलर नावाच्या जर्मनाने अमोनियम सायनेट तापवलं आणि युरिया मिळाला, तोच युरिया जो मूत्रात असतो, ना किडनी ना जनावर. प्राणशक्तीवाले काही त्याच दिवशी गप्प झाले नाहीत, पुढे कितीतरी वर्षं तग धरून होते, पण किल्ल्याचा एक बुरूज ढासळला तो ढासळलाच. आज तोच युरिया कारखान्यात बनून गोण्यांनी आपल्याकडे येतो, पाऊस पडला की कपाशीला टाकायला दुकानापुढे लाईन लागते, आणि त्या लाईनीतल्या कोणाच्या मनात येत नाही की ही वस्तू एकेकाळी देवाची खास मक्तेदारी समजली जायची.

आता कोणी म्हणेल, ही युरोपची गोष्ट झाली, आपल्या शास्त्रात असं नव्हतं. होतं ना. अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज्ज, या चार खाणी कीर्तनात लहानपणापासून ऐकतोय. त्यातली स्वेदज म्हणजे घामातून, ओलाव्यातून आपोआप होणारे जीव, डास, उवा, ढेकूण, माश्या. अगदी मनुस्मृतीतही यादी आहे. आणि गंमत म्हणजे तिकडे सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाचा चांगला शिकलेला माणूस घामट सदरा आणि गहू एका मडक्यात ठेवा, एकवीस दिवसांनी उंदीर होतात अशी रेसिपी लिहून ठेवत होता. म्हणजे तिकडचे काय नि इकडचे काय, डोळ्यांना दिसलं ते सगळ्यांनी खरं मानलं, यात कोणी मूर्ख नव्हता. फरक पडला तो 1668 मध्ये, रेडी नावाच्या इटालियन वैद्याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काहींवर जाळीचं कापड बांधलं, आणि अळ्या फक्त उघड्या भांड्यात झाल्या. एवढंच. एक कापड. ते कापड बांधून बघायची बुद्धी झाली की हजार-दोन हजार वर्षांची समजूत एका आठवड्यात जाते, आणि ती बुद्धी होत नाही तोवर ग्रंथ कितीही पवित्र असो, ढेकूण घामातूनच होत राहतो. धर्म आणि विज्ञानाची क्षेत्रं वेगळी, एकमेकांच्या वाटेला जायचं नाही, असं जे गुळमुळीत बोललं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. स्वेदज हा काही अध्यात्माचा विषय नाही, ती वस्तुस्थितीबद्दलची माहिती होती आणि ती चुकली.

याला जो थोडा वाचलेला माणूस असतो तो पाश्चरचं नाव घेऊन उत्तर देतो. 1860 च्या आसपास पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला, धूळ आत गेली नाही, आणि काही उगवलं नाही. म्हणजे जीवापासूनच जीव होतो हे विज्ञानानेच सिद्ध केलं, मग पहिला जीव देवाशिवाय कसा? मुद्दा जोरदार आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पण पाश्चरने दाखवलं ते इतकंच की उकळलेल्या रश्श्यात, आजच्या हवेत, काही महिन्यांत जंतू आपोआप होत नाहीत. पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं, ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या दगडांत जीवाच्या खुणा आहेत त्या साधारण 350 कोटी वर्षांपूर्वीच्या. मधला काळ शंभर कोटी वर्षांचा, अख्खा समुद्र, ज्वालामुखी, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाही. आपल्या काळ्या मातीखालचा दगड फार जुना वाटतो आपल्याला, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या हिशोबात कालपरवाचा. त्या चंबूवरून त्या समुद्राचा निकाल लावता येत नाही. आणि खरं सांगायचं तर जीवापासूनच जीव हा नियम महाराजही पाळत नाहीत, एका ठिकाणी तेही अपवाद करतातच, फक्त त्या अपवादाला ते नाव देतात आणि चौकशी बंद करतात.

चौकशी बंद करायची नसते हे आपल्याच माणसाने सांगून ठेवलंय. चाळीसगावजवळ पाटणला देवीच्या दर्शनाला आपण जातो, तिथे 1207 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख. (मुक्ताईंचे चांगदेव वेगळे, दरवेळी कोणीतरी गल्लत करतंच.) तर या भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायात, पृथ्वी कशावर टेकली आहे या पुराणातल्या कल्पनेचा समाचार घेतलाय. ते म्हणतात, पृथ्वीला कोणीतरी धरलंय म्हणता, तर त्या धरणाऱ्याला कोणी धरलं? त्यालाही दुसरा, त्यालाही तिसरा, याला अंत नाही, अनवस्था होते. आणि शेवटचा स्वतःच्या बळावर उभा आहे असं मानायचंच असेल तर ते बळ पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच का मानू नये? पृथ्वीच्या जागी जीव ठेवा आणि धरणाऱ्याच्या जागी बनवणारा ठेवा. "मग ते पहिलं कोनी बनवलं भो" याचं उत्तर साडेआठशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. आणि हे लिहिणारा नास्तिक नव्हता बरं का, त्याच श्लोकात पुढे ते विचारतात की पृथ्वी ही शिवाच्या आठ मूर्तींपैकी एक मूर्ती नाही का. श्रद्धा शाबूत आणि तर्कही शाबूत.

हीच कसोटी विज्ञानाच्या बाजूच्या माणसांनाही लावायला पाहिजे. जीव अंतराळातून आला या कल्पनेचा पाठपुरावा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे यांनी केला, आपले जयंत नारळीकरही त्या शोधात होते. हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, 2005 च्या उड्डाणातून तीन नवे जिवाणू मिळाले, त्यातल्या एकाला हॉयलचं नाव दिलं, दुसऱ्याला इस्रोचं, तिसऱ्याला आर्यभटाचं. पण 2009 मध्ये हे जाहीर करतानाच इस्रोने स्पष्ट म्हटलं की हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. आणि समजा सिद्ध झालं असतं, तरी जीव तिकडे कसा झाला हा प्रश्न तसाच राहिला असता, भास्कराचार्यांनी तिथेही पकडलंच असतं. मला आवडतं ते हे की एवढी हौस, एवढा खर्च, एवढी मोठी माणसं, तरी निकाल हवा तसा वाकवला नाही. असं स्वतःच्या विरुद्ध प्रामाणिक राहिलेलं एखादं प्रवचन मला दाखवा.

राहिला तो शक्यतेचा मुद्दा. हाही हॉयलचाच, आता सगळीकडे फिरतो, की भंगारच्या ढिगावरून वादळ गेलं आणि बोईंग विमान तयार झालं याची जेवढी शक्यता तेवढीच जीव योगायोगाने होण्याची. बरोबरच आहे, एका झटक्यात अख्खी पेशी होण्याची शक्यता शून्यच धरा. पण एका झटक्यात झाली असं म्हणतंय कोण? रसायनं भंगारासारखी कशीही पडत नाहीत, त्यांना आवडीनिवडी असतात. काही स्निग्ध आम्लं पाण्यात टाकली तर आपली आपण गोल पिशव्या करतात, कोणी शिवत नाही. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती 2023 मध्ये पृथ्वीवर आणली, त्यात आपलं शरीर वापरतं त्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं निघाली, आणि डीएनए-आरएनए या पेशीतली माहिती सांभाळणाऱ्या साखळ्यांची पाचही अक्षरं. जिथे जीव असायचं कारणच नाही तिथे जीवाचा कच्चा माल आपोआप होतो, एवढं तर आता पक्कं आहे. पुढची पायरी आरएनएची. 1982 च्या सुमारास चेक आणि ऑल्टमन या शास्त्रज्ञांना दिसलं की आरएनए नुसती माहिती सांभाळत नाही, तो रासायनिक कामही करतो, त्यावर 1989 चं नोबेल मिळालं. आपल्या प्रत्येक पेशीत प्रोटीन जोडणारं जे यंत्र आहे, रायबोसोम, ज्याची रचना उलगडल्याबद्दल 2009 मध्ये वेंकी रामकृष्णन यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं, त्याच्या गाभ्यात जोडणीचं खरं काम आरएनएच करतो. म्हणजे प्रोटीनच्या आधी आरएनएचं राज्य असावं असा संशय घ्यायला जागा आहे. असावं म्हणतोय, होतं म्हणत नाही. पहिला आरएनए कसा जुळला, स्वतःची नक्कल कशी करू लागला, गरम डबक्यात की समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी, यावर तज्ज्ञांची आपसात जोरात भांडणं आहेत.

पण हे सगळं लांबचं वाटत असेल तर रावेर-यावलला चला. केळीचं उदाहरण देवाच्या कारागिरीसाठी फार दिलं जातं, परदेशातही एका प्रचारकाने दिलं होतं, हातात बसणारी, सोलायला सोपी, बी नाही, जणू माणसासाठीच घडवली. अहो, रानकेळीत आतून नुसत्या कडक बिया असतात, खायला गर सापडत नाही. हजारो वर्षं माणसाने बिनबियांची झाडं निवडत, मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) लावत ही केळी आणली, आणि बी नसल्यामुळे ती आता माणसाशिवाय पुढे सरकत नाही, मुनवा लावा नाहीतर टिश्यू कल्चरचं रोप आणा. ज्याच्या बापजाद्यांनी केळी केली तो शेतकरी हे सांगायला लागत नाही इतकं जाणतो, तरी मांडवात बसला की मान डोलावतो.

आणि त्याच बागेत हरण्या रोग येतो. कोवळ्या पानावर पिवळट पट्टे, पान आखडतं, पोंगा सडतो, ढगाळ पावसाळी हवेत तर बघता बघता बाग जाते. हा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) नावाचा विषाणू, काकडीवर्गातल्या पिकांवरून मावा त्याला केळीवर आणतो. आहे काय तो? आरएनएचे तीन तुकडे आणि वर प्रोटीनचं कवच, बस. खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पानात शिरला की मात्र हजारोंनी स्वतःच्या प्रती काढतो. याच जातकुळीतला तंबाखूचा विषाणू 1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने (हा मिलर नव्हे) मिठासारखा स्फटिक करून दाखवला, आणि तो स्फटिक परत पानाला लावला तर रोग झाला. आता मला सांगा, हरण्या जिवंत आहे की निर्जीव? जिवंत म्हणाल तर बाटलीतल्या पावडरमध्ये प्राण कुठे होता, निर्जीव म्हणाल तर बाग कोणी खाल्ली? जीव आणि निर्जीव यांच्यात एक पक्की भिंत आहे आणि ती फक्त परमेश्वरच ओलांडून देऊ शकतो, हे गृहीत धरूनच सगळा वाद चालतो, आणि आपल्या बांधावर ती भिंत पडलेली आहे. (म्हणून पहिला जीव विषाणू होता असं कोणी समजू नका, त्याला वाढायला आधी दुसऱ्याची पेशी लागते.) शिवाय हरण्या आला की कोणीही शेतकरी ही देवाची इच्छा म्हणून बसत नाही, रोगट झाडं उपटतो, मावा मारतो, रोपवाटिकेवाल्याला शिव्या घालतो. कारण शोधायचं असतं, ते सापडतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. मग तोच नियम 350 कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टीला लावायला कसली अडचण?

आता यावर सरांच्या बाजूचे लोक खूश झाले असतील तर जरा थांबा. श्रावणात कानबाई देवीचे रोट करणाऱ्या बाईला तुमचा आरएनए काय कामाचा? तिला पहिल्या जीवाचं कोडं सोडवायचंच नाहीये, तिला भाऊबंद एका जागी आणायचेत, गेलेल्यांची आठवण ठेवायची, लेकराबाळांचं चांगलं मागायचंय. ते काम श्रद्धा करते आणि विज्ञानाला ते जमत नाही, जमायचं कारणही नाही. तिची टिंगल करून मिलरचा चंबू नाचवणारा माणूस विज्ञानाचं भलं करत नाही, तो फक्त स्वतःला शहाणा समजून घेतो.

आणि "आमच्या ग्रंथात हे सगळं आधीच होतं" म्हणणाऱ्यांचं काय करावं? ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय 454 कोटी, बघा किती जवळ, असं सांगतात. पण हा दिवस अजून संपलेला नाही ना, चालू कल्पाची, म्हणजे याच दिवसाची, सरलेली वर्षं आपलंच पंचांग 197 कोटींच्या आसपास देतं. तो आकडा जुळत नाही म्हणून सोयीने गाळायचा! खरी श्रीमंती वेगळीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त विचारतं की ही सृष्टी कुठून झाली हे कोण खात्रीने जाणतो, देव तर नंतरचे, आणि शेवटी म्हणतं वरून पाहणारा जो आहे तो जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. त्यात बिग बँग शोधू नका, तिथे नाहीये तो. तिथे शंका आहे आणि ती देवालाही सोडत नाही. चार्वाकांनी म्हटलं किण्व म्हणजे आंबवण घातलं की जशी नशा येते तसं पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा या भूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. मीमांसकांनी आणि जैनांनी जगाचा निर्माता नाकारला, नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, तो तर्काने सिद्ध करायचा घाट घातला, शेकडो वर्षं एकमेकांचे ग्रंथ वाचून भांडले.

म्हणूनच शाळेत "दोन्ही बाजू शिकवा" असा जो समतोल प्रस्ताव येतो तो ऐकायला गोड आणि आतून पोकळ आहे. धर्माची एक बाजू आहेच कुठे? न्यायदर्शनाची शिकवणार की सांख्यांची, बायबलची, कुराणाची, की सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांची? ते सगळं शिकवा, जरूर शिकवा, पण तत्त्वज्ञानाच्या तासाला. आपल्याच अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये त्यासाठी तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, एका तालुक्याच्या गावात, विचार करा. विज्ञानाच्या तासाला राज्य मंडळाच्या दहावीच्या भाग 2 चा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे, तो "परीक्षेला एवढंच येतं" म्हणून वीस मिनिटांत उरकू नये, आणि पोराने हात वर करून विचारलं की सर, पहिला जीव कुठून आला, तर त्याला मिलरची थाप मारू नये आणि देवाकडेही पाठवू नये. एवढं एवढं कळलंय, इथून पुढे कळलेलं नाही, आणि जे कळलं ते कसं कळलं, रेडीचं कापड, पाश्चरची नळी, असं सांगायला दोन तास लागतील. ते दोन तास द्यावेत, सिलॅबस मागे पडला तर पडू दे.